फुंकर मारायला शिकण्याआधी

पावसाळा सुरू झाला की मिरा रोड-भाईंदरमधल्या बालरोगतज्ज्ञांकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. सर्दी झाली की छाती भरते, रात्री घरघर वाजते, मशीनवर वाफ दिली की मूल खेळायला लागतं आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मूल दोन-अडीच वर्षांचं असतं. आई विचारते, "हा दमा तर नाही ना?" उत्तर बहुधा आडवळणानं येतं: छाती नाजूक आहे, अ‍ॅलर्जीचा खोकला आहे, मोठा झाला की जाईल. दम्याचं नाव काढलं की घरचे घाबरतात, हे त्यामागचं एक कारण. दुसऱ्या कारणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मोठ्या माणसाचा दमा यंत्रावर मोजून कागदावर दाखवता येतो. अडीच वर्षांच्या मुलाचा तसा दाखवता येत नाही, निदान सहजासहजी तरी नाही.

मोठ्यांसाठीचं यंत्र तसं जुनं आहे. लंडनमधल्या जॉन हचिन्सन या शल्यवैद्यानं 1846 साली आपल्या स्पायरोमीटरवरचं काम प्रसिद्ध केलं. दोन हजारांहून जास्त माणसांना त्यानं पूर्ण श्वास घेऊन सगळी हवा यंत्रात सोडायला लावलं होतं. त्यातून त्याला दिसलं की फुप्फुसात मावणारी हवा माणसाच्या उंचीप्रमाणे वाढत जाते. किती हवा बाहेर आली हे त्याला कळत होतं. किती वेगानं आली याला महत्त्व मिळायला आणखी शंभर वर्षं गेली. 1947 मध्ये फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली यांनी पहिल्या सेकंदात किती हवा सुटते ते मोजायला सुरुवात केली आणि दम्याच्या निदानाला खरी पकड मिळाली. दम्यात फुप्फुस लहान होत नाही, हवेच्या नळ्या आवळतात आणि आतून सुजतात. त्यामुळे हवा असते, पण सुटायला वेळ लागतो. एकूण हवेपैकी किती टक्के पहिल्याच सेकंदात बाहेर पडली, हे गुणोत्तर म्हणून महत्त्वाचं. धडधाकट प्रौढात ते साधारण 75 ते 80 टक्क्यांच्या वर असतं. लहान मुलात ते 90 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असतं. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण मोठ्यांसाठीचा 70 टक्क्यांचा ढोबळ निकष मुलाच्या अहवालाला लावला तर बराच आवळलेला श्वासही 'नॉर्मल' ठरतो.

चाचणी कागदावर सोपी वाटते. छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एका दमात, जोर लावून, छाती रिकामी होईपर्यंत फुंकत राहायचं. असं किमान तीनदा, आणि तिन्ही वेळा जवळपास सारखं. पाच-सहा वर्षांच्या पुढचं बहुतेक मूल हे शिकतं. तीन वर्षांचं मूल गाल फुगवतं, नळीत जीभ घालतं, फुंकायच्या ऐवजी ओढतं, नाहीतर अर्ध्यावर थांबून आईकडे बघून हसतं. आणखी एक अडचण शरीराच्या मापाची आहे. इतक्या लहान मुलाच्या फुप्फुसात हवाच थोडी असते आणि फुप्फुसाच्या मानानं नळ्या रुंद असतात, त्यामुळे पुष्कळदा ते सगळी हवा एका सेकंदाच्या आतच सोडून मोकळं होतं. मग 'पहिल्या सेकंदातली हवा' आणि 'एकूण हवा' हे आकडे एकच येतात आणि गुणोत्तराला अर्थ उरत नाही. म्हणून अमेरिका आणि युरोपच्या श्वसनरोग संघटनांनी 2007 मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत पूर्ण सेकंदाऐवजी अर्ध्या किंवा पाऊण सेकंदातल्या हवेकडे बघायला सांगितलं आहे आणि मोठ्यांचे कडक नियम जसेच्या तसे मुलांना लावायचे नाहीत असंही म्हटलं आहे.

चांगल्या प्रयोगशाळेत पडद्यावर मेणबत्त्या दिसतात आणि फुंकर नीट आली की त्या विझतात. ती चित्रं निव्वळ शोभेची नसतात. त्यांच्यामुळे मूल पुन्हा फुंकायला तयार होतं. तरी सगळं शेवटी चाचणी घेणाऱ्या तंत्रज्ञावर येऊन ठरतं. घाई करणाऱ्या, आवाज चढवणाऱ्या माणसाच्या हातात लाखो रुपयांचं यंत्र दिलं तरी चार वर्षांच्या मुलाचा भरवशाचा आलेख निघत नाही. माझ्या मते मुलांच्या फुप्फुसांची चाचणी कुठे करायची हे ठरवताना यंत्र कोणत्या कंपनीचं हे विचारू नये. इथे आठवड्यात किती लहान मुलांची चाचणी होते, ते विचारावं.

तीन वर्षांच्या आसपासच्या मुलासाठी वेगळी वाट आहे, ती म्हणजे ऑसिलोमेट्री. तिची मूळ कल्पना द्युबॉ आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये मांडली, पण ती दवाखान्यापर्यंत यायला बरीच दशकं लागली. इथे मुलानं काहीच करायचं नसतं, फक्त नेहमीसारखा श्वास घेत राहायचं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, पाठ ताठ; आणि मागून कुणीतरी दोन्ही गाल हातांनी दाबून धरायचे, म्हणजे लाटांचा जोर गालांतच जिरत नाही. यंत्र नळीतून हवेच्या अगदी बारीक लाटा सोडतं आणि श्वसनमार्ग त्यांना किती अडवतो ते मोजतं. सेकंदाला 5 कंपनांच्या संथ लाटा खोल, बारीक नळ्यांपर्यंत पोहोचतात. 20 कंपनांच्या लाटा मोठ्या नळ्यांतच संपतात. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत दिसली की बारीक नळ्यांत अडथळा असल्याचा संशय येतो. एका वेळी वीस-तीस सेकंद, अशा तीन फेऱ्या. मूल रडलं, खोकलं, गिळलं की ती फेरी बाद.

बारीक नळ्यांची एवढी काळजी का? हवा संथपणे वाहत असेल तर नळीचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या नळीच्या अस्तराला थोडी सूज आली तर त्याला जेमतेम जाणवेल. तेवढीच सूज बाळाच्या नळीत आली तर छातीतून शिट्टी वाजायला लागते. साधी विषाणूची सर्दी लहान मुलाच्या छातीत उतरून एवढा गोंधळ का घालते, त्याचं अर्धं उत्तर या भूमितीत आहे.

उरलेलं अर्धं उत्तर अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरानं दिलं. तिथे 1980 पासून 1,246 नवजात बालकांची नोंद करून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या काही बाळांच्या श्वासाचा वेग ती छातीच्या पहिल्या आजारानं आजारी पडण्याआधीच मोजून ठेवला होता. झोपलेल्या बाळाच्या छातीभोवती हवेचं जाकीट बांधायचं, ते झटक्यात फुगवून हवा बाहेर ढकलायची आणि तिचा वेग टिपायचा, अशी ती पद्धत. (बाळाला औषध देऊन झोपवावं लागत असल्यानं ती संशोधनाबाहेर क्वचितच वापरली जाते.) 1995 मध्ये मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. सहाव्या वर्षापर्यंत साधारण निम्म्या मुलांच्या छातीत कधीच शिट्टी वाजली नव्हती. 19.9 टक्के मुलांना पहिल्या तीन वर्षांत घरघर झाली आणि सहाव्या वर्षी नव्हती. 15 टक्क्यांना उशिरा सुरू झाली. 13.7 टक्क्यांना आधीही होती आणि सहाव्या वर्षीही होती.

खरा धक्का श्वासाच्या मोजमापात होता. ज्यांचा त्रास पुढे आपोआप गेला, त्यांच्या श्वासाचा वेग आजाराआधीच कमी होता. त्यांच्या नळ्या मुळातच अरुंद होत्या, आणि गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांत हे जास्त दिसलं. मूल वाढलं, नळ्या रुंदावल्या, आवाज थांबला. ज्यांचा त्रास टिकला त्यांचा वेग मात्र पहिल्या वर्षी ठीक होता आणि सहाव्या वर्षी कमी झाला होता. मधल्या पाच वर्षांत काहीतरी गमावलं गेलं होतं. "मोठा झाला की जाईल" हे वाक्य एका गटाबाबत अगदी खरं आहे आणि दुसऱ्या गटाबाबत धोक्याचं आहे. घरघर ऐकून मात्र दोन्ही गटांतली मुलं सारखीच वाटतात.

मग लवकर पंप (इनहेलर) सुरू करून ते नुकसान टाळता येईल का? ते तपासण्यासाठी अमेरिकेत दोन-तीन वर्षांच्या 285 मुलांवर प्रयोग झाला आणि 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. निम्म्या मुलांना दोन वर्षं श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड दिलं, बाकीच्यांना औषध नसलेला पंप. पंप चालू असेपर्यंत त्रास कमी झाला. बंद केल्यावर मात्र दोन्ही गट सारखेच झाले आणि ऑसिलोमेट्रीतही शेवटी फरक उरला नाही. याचा अर्थ पंप निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. पंप आजचा दमा आवरतो आणि रात्रीची झोप परत देतो. तो पुढच्या दम्याची लस नाही, एवढंच. पंपाची 'सवय लागते' या शेजारच्या सल्ल्याला मात्र त्या प्रयोगात कसलाच आधार सापडत नाही.

आता पालकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट. मुलाची चाचणी केली, आकडे नॉर्मल आले, म्हणजे दमा नाही? असा अर्थ काढता येत नाही. दमा चढउतार होणारा आजार आहे. दोन झटक्यांच्या मधल्या काळात दमेकरी मुलाची स्पायरोमेट्री पूर्णपणे नॉर्मल येऊ शकते आणि बऱ्याचदा येते. म्हणून एका आकड्यापेक्षा आकडा किती बदलतो ते बघायचं. आधी चाचणी करायची, मग स्पेसरमधून (पंप आणि तोंड यांच्यामधल्या पोकळ नळकांड्यातून) नळ्या सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे पंप द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी करायची. पहिल्या सेकंदातली हवा ठळक वाढली, मुलांत अपेक्षित आकड्याच्या 12 टक्क्यांहून जास्त, तर नळ्या आवळलेल्या होत्या आणि औषधानं सुटल्या हे सिद्ध होतं. ऑसिलोमेट्रीत हा फरक जास्त मोठा लागतो. 2020 च्या युरोपीय निकषाप्रमाणे 5 कंपनांवरचा अडथळा 40 टक्क्यांनी उतरला तरच त्याला प्रतिसाद म्हणतात. सकाळीच घरून साल्ब्युटामॉल घेऊन गेलं तर हा फरक दिसणारच नाही. ते किमान चार तास आधी घेऊ नये असं सांगितलेलं असतं, पण मूल धापत असेल तर नियम बाजूला ठेवून औषध आधी द्यायचं, चाचणी दुसऱ्या दिवशी.

शाळेच्या वयातल्या मुलाला सहा-आठ मिनिटं पळवूनही चाचणी करतात. पळाल्यावर श्वास ठळक मंदावला तर मैदानावरचा त्याचा खोकला आळसाचा नव्हता, हे निदान पी.टी.च्या सरांना तरी पटतं. घरी रोज मोजायचं तर पीक फ्लो मीटर आहे. 1959 मध्ये राइट आणि मॅककेरो यांनी ते मांडलं, आणि आज त्याचं हातात मावणारं प्लास्टिकचं रूप काहीशे रुपयांत मिळतं. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे वहीत लिहायचे. दिवसभरात सरासरी 13 टक्क्यांहून जास्त चढउतार मुलांमध्ये दम्याकडे बोट दाखवतो. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाच्या हातात हे मीटर देऊ नये. ते आकडा दाखवतं, पण त्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या यादीत बसत नाही. तो रक्तातला प्राणवायू दाखवतो, फुप्फुसाची ताकद नाही. आणि तो आकडा घसरेपर्यंत मूल बरंच थकलेलं असतं. बाहेर टाकलेल्या श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजणारी चाचणीही आता मोठ्या शहरांत होते. मुलांत तो शंभर कोटी भागांत 35 भागांहून जास्त असेल तर अ‍ॅलर्जीची सूज असण्याची शक्यता मोठी, 20 हून कमी असेल तर कमी.

'अपेक्षित आकडा' कोणाचा, हा प्रश्न मात्र भारतात अजून पुरता सुटलेला नाही. मुलाचं वय, लिंग आणि उंची घातली की यंत्र स्वतःच अपेक्षित आकडा काढतं. तो बहुतेक वेळा दुसऱ्या देशातल्या मुलांवरून ठरवलेला असतो. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांनी 1970 च्या दशकातच भारतीयांसाठी वेगळे आकडे मांडले होते. त्याच सुमारास लालबाग, चेंबूर आणि खारमधल्या रहिवाशांची गावाकडच्या लोकांशी तुलना करून हवेचा छातीवर होणारा परिणाम त्यांनी तपासला. सुरतेत 8 ते 14 वर्षांच्या शाळकरी मुलांची मोजमापं झाली आहेत, दिल्लीतही झाली आहेत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या शहरी, निमशहरी आणि ग्रामीण शाळांतल्या निरोगी मुलांची तुलना ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या मुलांशी केली होती. आपली शहरी मुलं ब्रिटनमधल्या मुलांच्या जवळपास निघाली. निमशहरी मुलांचा आकडा शहरी मुलांहून सुमारे 6 टक्के कमी होता आणि ग्रामीण मुलांचा सुमारे 11 टक्के. वंश तोच असताना फुप्फुस कमी भरलं, म्हणजे कारण खाण्यापिण्यात, चुलीच्या धुरात आणि लहानपणच्या आजारांत शोधायला हवं. भारतीयांची फुप्फुसं मुळातच लहान, असं म्हणून हात झटकण्याची सोय या अभ्यासानं बरीचशी काढून घेतली.

उंचीचंही तसंच. सगळा हिशेब उंचीवर उभा असताना ती आईला विचारून लिहिणारी माणसं आहेत. वर्षभरापूर्वीची उंची घातली तर मुलाचं फुप्फुस कागदावर आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. बूट काढून, भिंतीला टाच लावून, त्याच दिवशी उंची मोजून घ्या. टाळाटाळ झाली तर हट्ट धरा.

भाईंदरहून चर्चगेटकडे जाताना तिसरं स्टेशन बोरिवली. मुलांमधल्या दम्याच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या पाहणीत, 'इसाक'च्या पहिल्या टप्प्यात, मुंबई, पुणे, पिंपरी, अकोला आणि गोव्यातलं ओर्ली यांच्याबरोबर बोरिवलीही एक केंद्र होतं. 1998 मध्ये आलेल्या तिच्या अहवालात 56 देशांतली 13-14 वर्षांची 4,63,801 मुलं होती. ती पाहणी प्रश्नावलीवर उभी होती. एवढ्या मुलांना फुंकायला लावणं कुणाला परवडणारं नव्हतं. त्यामुळे आपल्या उपनगरांतल्या मुलांची लक्षणं जगाच्या नकाशावर आली, पण त्यांच्या श्वासाचा वेग त्या नकाशावर आला नाही.

मिरा-भाईंदरची हवा म्हणजे एकाच कारखान्याचा धूर नव्हे. काशिमिऱ्याला महामार्ग आणि घोडबंदर रस्त्याची अवजड वाहतूक आहे, मेट्रोची आणि इमारतींची बांधकामं आहेत, उत्तनच्या कचऱ्याला लागणाऱ्या आगी आहेत, पावसाळ्यात तळमजल्याच्या भिंतींना चढणारी ओल आणि बुरशी आहे. खाडी आणि मिठागरांच्या कुशीत वसलेल्या शहरात डास असणारच, आणि डास म्हटले की बंद खोलीत मुलाच्या उशाशी कॉइल. 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या कणांइतके भरले होते. महामार्ग घरच्यांच्या हातात नाही. कॉइल आहे, आणि मच्छरदाणी स्वस्त आहे.

पाच वर्षांखालच्या ज्या मुलाची कुठलीच चाचणी होऊ शकत नाही, त्याच्याबाबत डॉक्टर वेगळ्या तऱ्हेनं मोजतात. कमी मात्रेचं श्वासातलं स्टेरॉइड दोन ते तीन महिने रोज देऊन बघतात. त्या काळात रात्रीचा खोकला थांबला आणि औषध बंद केल्यावर परतला, तर दम्याची शक्यता बळावते. हा प्रयोग तेव्हाच कामाचा, जेव्हा पंप स्पेसर आणि मास्कमधून नीट दिला जातो आणि घरी कुणीतरी तारखा लिहून ठेवतं. 'आता बरं वाटतंय' म्हणून दहाव्या दिवशी औषध सोडलं की निष्कर्ष काहीच निघत नाही, आणि हे इतक्या घरांत होतं की डॉक्टरही पुढे ते विचारेनासे होतात.

झटक्याच्या वेळी घरच्या घरी करता येणारी एक मोजणी मात्र कुठल्याही यंत्राशिवाय होते. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळात मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलात 40 किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास वेगात आहे. डॉक्टरांना दाखवायलाच हवं. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बोलताना किंवा दूध पिताना मूल मध्येच थांबत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

मूल पाच वर्षांचं झालं आणि वर्षभरात दोन-तीनदा वाफ घ्यावी लागली असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे औषधाआधी आणि औषधानंतर अशी दुहेरी स्पायरोमेट्री स्वतःहून मागा. नुसता 'नॉर्मल' असा शेरा न घेता तिन्ही फुंकरींचा छापील आलेख घ्या, त्यावर त्या दिवशीची उंची लिहून घ्या आणि लसीकरणाच्या कार्डाबरोबर फाइलमध्ये लावा. पुढच्या वर्षीचा आलेख त्याच्याशीच ताडून बघायचा आहे.